चारच्या आतले आकडे

आषाढात थोरल्या बंधूंनी रक्ततपासणीचे तीन कागद माझ्यापुढे ठेवले. पीएसएचे तीन वर्षांचे आकडे : ५.६, २.७ आणि ३.९. पहिल्या आकड्यापुढे प्रयोगशाळेने फुली मारली होती, पुढच्या दोहोंपुढे नव्हती. "चारच्या आत आलं रे, सुटलो," अण्णा म्हणाले.

मी वैद्यक शिकलेलो नाही. मोडी कागदांच्या नकला ताडून पाहण्यात माझी वर्षे गेली. दोन नकलांत फरक आढळला, की अर्थ लावण्याआधी तो फरक कशाने पडला हे पाहायचे, एवढी सवय मात्र अंगात मुरली आहे. म्हणून कागद घरी आणले आणि वाचायला बसलो.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन. वीर्य पातळ ठेवणे हे त्याचे काम. त्यातले किंचित रक्तात झिरपते. कर्करोगात हे झिरपणे वाढते, तसेच वयोमानाने ग्रंथी वाढली, तिला सूज आली किंवा लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला तरी वाढते. आकडा कारण सांगत नाही. अमेरिकेत १९८६ साली ही चाचणी मान्य झाली ती निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यापुरती. रोग हुडकण्यासाठी मान्यता १९९४ची. मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम ही रेघ तेव्हापासून लोकांच्या मनात पक्की बसली.

ती रेघ दोन्ही बाजूंनी कच्ची आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ९७२ पुरुषांचे रक्त चार वर्षांत पाच वेळा तपासले होते. ज्यांचा आकडा कधीतरी चारच्या वर गेला, त्यांच्यातल्या ४४ टक्क्यांचा पुढे एखाद्या तपासणीत आपोआप खाली आला. म्हणून एका वाढीव आकड्यावर बायॉप्सीकडे धावू नये. काही आठवड्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, पुन्हा तपासावे. संसर्ग असल्यास तो बरा होऊन महिना-दीड महिना जाऊ द्यावा. आधीचे दोन दिवस वीर्यस्खलन आणि सायकल टाळावी. (ही सूचना आपल्याकडे कुणी तोंडावर सांगत नाही, संकोचापोटी.) पण दुसऱ्या वर्षीचा अभ्यास उलट बाजू दाखवतो : ज्यांचा आकडा सात वर्षे कधीच चारच्या वर गेला नव्हता अशा २९५० पुरुषांची बायॉप्सी केली, तेव्हा सुमारे १५ टक्क्यांत कर्करोग सापडला. त्यांतले बरेच सौम्य होते, सगळे नव्हे.

अण्णांच्या कागदांत मला अडकवले ते २.७ने. एवढी घसरण का? वहिनींना विचारले तर त्यांनी औषधांचा डबाच पुढे केला. पहिल्या तपासणीनंतर लघवीच्या तक्रारीसाठी गोळी सुरू झाली होती. तिच्यात टॅमसुलोसिनबरोबर ड्युटास्टेराइड होते. टॅमसुलोसिनने पीएसए बदलत नाही. ड्युटास्टेराइड, तसेच फिनास्टेराइड, सहा महिने ते वर्षभरात तो साधारण निम्म्यावर आणते. तेव्हा आकडा दुपटीने वाचायचा. २.७ म्हणजे ५.४, काहीच सुधारले नव्हते. आणि ३.९ म्हणजे जवळजवळ ७.८.

त्याहून महत्त्वाचे असे, की या गोळीवर आकडा तळाला जाऊन पुन्हा चढू लागला, तर तो चारच्या आत असला तरी चौकशी करायला हवी. नेहमीचा चढउतार पंधरा-वीस टक्क्यांचा असू शकतो. इथे वाढ ४४ टक्के होती. गोळ्या चुकल्या तरीही आकडा वर जातो, म्हणून तेही विचारले. "एक दिवस चुकू दिला नाही मी," वहिनी म्हणाल्या. त्यांना वाटले, मी शाबासकी देतोय.

तपासणीच्या अर्जात औषधांची रकानाच नव्हता, आणि फुली मारणाऱ्या यंत्राला डब्यातली गोळी कशी कळावी? अण्णांना हे सांगायला मला चार दिवस लागले. मग मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेलो. कागद हातात घेताच त्यांनी विचारले, "गोळी कधीपासून?" त्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करायला लावली. ४.१ आला. आता आधी एमआरआय, त्यात काही दिसले तर बायॉप्सी. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तोवर एमआरआय झालेला असेल.