माळावरच्या गवतालाही नाव असते

गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी शहरातल्या वसाहतींमध्ये एक दृश्य हमखास दिसते. मुले पिशवी घेऊन खाली उतरतात आणि कुंपणाच्या कडेचे हिरवे दिसेल ते खुडून आणतात. मग आजी चष्मा लावून बसते आणि निम्म्याहून अधिक काड्या दूर्वा नव्हेत म्हणून बाजूला टाकते.

आजीचे बरोबरच असते. दूर्वा म्हणजे हरळी. ती जमिनीसरशी पसरते, पेरापेराला मुळे सोडते, आणि तुरा आलाच तर एका टोकातून तीन ते सहा बारीक बोटे फुटल्यासारखा दिसतो. मुलांनी आणलेले गवत बहुधा नाचणीचे रानटी भावंड असते. बोटे त्यालाही असतात, पण जाडसर. बुडखा चपटा, पांढुरका आणि ठोंब एकाच जागी घट्ट बसलेला. उपटायला गेले तर हाताला रग लागते.

एवढा फरक ज्याला कळला, त्याला गवत ओळखण्याची पहिली पायरी जमली. एरवी आपण आंब्याच्या दहा जाती चवीवरून सांगतो, आणि पायाखालच्या शेकडो वनस्पतींना मात्र ‘गवत’ या एकाच शब्दात गुंडाळतो. त्यातही चूक होते. गावोगावी सर्वांना ठाऊक असलेले गाजर गवत हे गवतच नव्हे! ते झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातले, मूळ अमेरिका खंडातले तण. १९५०च्या दशकाच्या मध्यास ते पुण्यात नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. शेतकऱ्याला रडवणारा लव्हाळाही खरे गवत नाही. त्याची काडी दोन बोटांत फिरवून पाहावी, तीन कडा लागतात. खऱ्या गवताची काडी गोल किंवा किंचित चपटी असते, तिला ठळक पेरे असतात, आणि पान काडीला मिळते तिथे एक नाजूक जिभली किंवा केसांची झालर असते. तुरा नसला तरी ही जिभली पुष्कळ काही सांगून जाते.

पवन्या, मारवेल आणि कुसळी

महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतले माळ, म्हणजे पुण्याच्या पूर्वेपासून अहिल्यानगर, सोलापूरपर्यंतचा उघडा मुलूख, उन्हाळ्यात पाहिला तर ओसाड वाटतो. अश्विनात तोच माळ पाहावा. कमरेइतके गवत वाऱ्यावर लाटांसारखे हलत असते. दाबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी १९७३ साली भारतातल्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार पाडले. त्यांतला सर्वांत मोठा, दख्खनसह मध्य भारत व्यापणारा प्रकार ‘सेहिमा-डायकँथियम’ या नावाने ओळखला जातो. नाव जड वाटले तरी माणसे ओळखीचीच आहेत. सेहिमा म्हणजे आपले पवन्या आणि शेडा, आणि डायकँथियम म्हणजे मारवेल.

मारवेल ओळखायला सोपे. काडीच्या पेरावर पांढऱ्या केसांचे कडे असते, पैंजण घातल्यासारखे. तुऱ्याला जांभळट झाक असते. जनावर ते आवडीने खाते. शेडा आणि पवन्याच्या दांड्यावर एकच सडसडीत कणीस येते आणि दाण्याच्या तुसावर उभ्या शिरा स्पष्ट दिसतात. वाळलेल्या पवन्याचे भारे गंजीत रचून ठेवले की वैरणीची सोय झाली. रोशा गवताला मात्र डोळ्यांची गरजच नाही, पान चुरगळून नाकाशी धरले की झाले. गवती चहाचा हा रानातला भाऊ. खानदेश-निमाड भागात त्याचे तेल काढले जाई. मुंबईमार्गे ते तुर्कस्तानपर्यंत पोहोचे आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात खुशाल मिसळले जाई!

कुसळीची ओळख वेगळी करून द्यायला नको. माळावरून चालून आलेल्याच्या धोतराला, साडीच्या काठाला ती स्वतःच येऊन चिकटते. कोवळी असताना ती चांगली वैरण, पण कुसळ धरले की मेंढीच्या लोकरीतून थेट कातडीत घुसते. म्हणून मेंढपाळ तिची वेळ पाहून कळप फिरवतो. माळावर चराई फार झाली की आधी शेडा-मारवेल मागे हटतात, कुसळी वाढते, आणि त्याहूनही खरवडले तर कुचकामी, एकसाली खुरट्या जाती उरतात. जाणकाराला माळाची तब्येत अशी नुसत्या गवतावरून कळते.

पाहुणे कोण?

आता परके. शहरातल्या सांडपाण्याच्या नाल्यात लोळणारे लांब, लुसलुशीत पॅरा गवत मूळ आफ्रिकेचे, नाव मात्र ब्राझीलमधल्या जागेचे. झाडांच्या सावलीत पुरुषभर उंच वाढणारे, मोठा विरळ पसरट तुरा काढणारे ते गिनी गवत. तेही आफ्रिकेचेच. हत्ती गवत, म्हणजे नेपिअर, तिथलेच. त्याचा बाजरीशी संकर करून केलेले वाण आज गोठ्यागोठ्यात पोहोचले आहेत, आणि दूध घालणाऱ्या घराला त्यांचा आधार मोठा आहे. पाणी देऊन बांधावर लावले, कापून जनावराला घातले, यात तक्रार करण्यासारखे काही नाही.

देशी तेवढे गुणी आणि परदेशी तेवढे दुष्ट, असा हिशेब इथे चालत नाही. काळ्या रानात खोलवर मुळे नेणारा कुंदा अस्सल देशी, पण नांगर धरणाऱ्याला विचारावे! उलट ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही गवतेही मुळात आफ्रिकेची. हजारो वर्षांपूर्वी आली आणि भाकरी झाली.

प्रश्न जागेचा आहे. उघडा माळ सरकारदरबारी ‘पडीक’ ठरला की तो सुधारण्याची घाई होते. खड्डे खणून गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावली जाते. दोन वर्षांत हिरवे दिसते, छायाचित्रेही छान येतात. पण शेडा आणि मारवेल उन्हात वाढणारी गवते, सावलीत ती टिकत नाहीत. त्यांच्यासोबत मेंढ्यांची चराई जाते, काळवीट जाते, लांडगा जातो. माळढोक पक्षी तर जमिनीवरच अंडी घालतो आणि चहूकडे नजर पोहोचेल अशीच जागा निवडतो. सोलापूरजवळ नान्नजच्या माळांसह त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, पण आज महाराष्ट्रात हा पक्षी जवळजवळ दिसेनासाच झाला आहे. झाडे लावणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पायाखाली काय उगवले आहे, हे कुणी त्यांना दाखवलेले नसते, इतकेच.

दाखवणारी माणसे मात्र होऊन गेली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले फादर ब्लॅटर आणि मॅककॅन यांचा ‘बॉम्बे ग्रासेस’ हा ग्रंथ १९३५ साली निघाला. त्यातली चित्रे आर. के. भिडे यांची. या भिडे यांच्या नावाची गवताची एक प्रजातीच आहे, ‘भिडिया’, आणि ती भारताबाहेर आढळत नाही. सह्याद्रीच्या सड्यांवर अशी आणखी काही अस्सल स्थानिक गवते आहेत. कास पठारावर फुलांची छायाचित्रे काढताना कितीतरी पर्यटक त्यांच्यावरच उभे असतात!

गवत ओळखायला शिकायचे तर भाद्रपद-अश्विन हा काळ सोडू नये, कारण तेव्हा तुरे बाहेर पडलेले असतात. साधे भिंग आणि जुनी वर्तमानपत्रे पुरतात. मुळासकट एक काडी घ्यावी, कागदात दाबून वाळवावी आणि त्यावर जागा व तारीख न विसरता लिहावी. मुलांना घेऊन गेलात तर येताना कपड्यांना चिकटलेले एक कुसळ जपून काढा, जेवणाच्या टेबलावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. पीळ सुटू लागतो आणि निर्जीव वाटणारी ती काडी आपोआप गोल फिरू लागते. जमिनीत बी रोवण्याची ही तिची युक्ती आहे.