कार्यक्रम रद्द झाल्याची सूचना कशी लिहावी?

निमंत्रणपत्रिका लिहायला आपल्या मंडळांत दहाजण पुढे येतात. कार्यक्रम रद्द झाल्याची सूचना लिहायची वेळ आली की सारे सचिवांकडे बोट दाखवतात. कोल्हापुरात ही वेळ वारंवार येते. वर्षावासाचे कार्यक्रम ऐन पावसाळ्यात असतात. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेला महापूर आला, मधल्या २०२० साली टाळेबंदीमुळे १४ एप्रिलची जयंती घरातच साजरी करावी लागली.

अशा वेळी 'अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम अनिश्चित काळासाठी पुढे ढकलला आहे' असे लिहून मोकळे होण्याची पद्धत आहे. आम्हांस ती पसंत नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषदेच्या अध्यक्षपदासाठी बाबासाहेबांना बोलावले. पुढे भाषणातील काही मजकूर गाळावा, नाहीतर परिषद बेमुदत पुढे ढकलावी, अशा अर्थाचे पत्र १४ एप्रिल रोजी त्यांना पाठवले. २७ एप्रिलच्या उत्तरात बाबासाहेबांनी मजकुरास हात लावण्यास नकार दिला. आणि आपणांस मोघम शब्द आवडत नाहीत, तेव्हा परिषद 'रद्द' झालेलीच बरी, असे स्वच्छ कळवले. परिषद झाली नाही. ते भाषण त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केले.

तेव्हा नवी तारीख हाती असेल तरच 'पुढे ढकलला' म्हणावे, नसेल तर 'रद्द'. खेड्यावरून येणारा माणूस एक दिवसाची मजुरी बुडवून एस.टी.ने येतो, त्याला मोघम शब्दाचा काय उपयोग? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी व ४३ फुटांना धोका पातळी धरतात. पाणी ३९ वर गेले की बैठक घ्यावी. ४३ ची वाट पाहिली तर सूचना पोहोचवायला रस्ता उरत नाही.

मजकूर एवढा पुरे :

'दि. … रोजी … येथे ठरलेले धम्मप्रवचन पुरामुळे रद्द करण्यात आले आहे. देणगीदारांनी पावती दाखवून दि. … पर्यंत रक्कम परत न्यावी, अथवा ती पूरग्रस्तांसाठी वापरण्यास लेखी संमती द्यावी. — सचिव'

पैशाचे वाक्य गाळू नये. आम्ही बँकेत खिडकीशी बसणारी माणसे. लोक उशीर सोसतात, पण पैशाबाबतचे मौन सोसत नाहीत, हे रोज पाहतो. सूचनेवर जावक क्रमांक व तारीख घालावी, एक प्रत फाईलला ठेवावी. वक्ते, सभागृह, मंडपवाले आणि आचारी यांना मात्र आधी फोन करावा, कागद मागून जाईल. आचाऱ्याला सर्वांत आधी, कारण भाजी तो पहाटेच खरेदी करतो.