काजूच्या उतारावरचा ग्रास कटर

गोव्याच्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत काजूच्या बागा जांभ्या दगडाच्या उतारांवर आहेत, आणि तेथे गवत कापणाऱ्या यंत्राला जे महत्त्व आले आहे, ते काजूच्या फळाच्या स्वभावामुळे. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलेल्या या झाडाचे बोंडू, म्हणजे रसाळ फळे, फेणी या मद्यासाठी तोडले जात नाहीत, तर पूर्ण पिकून गळाल्यावर वेचले जातात. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंतच्या हंगामात झाडाखालची जमीन मोकळी नसेल, तर बोंडू गवतात सडतो आणि त्याच्या टोकाची बीही हातची जाते. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या फेणीची तयारी अशा रीतीने भाटी, म्हणजे मद्य गाळण्याची भट्टी, पेटण्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्यानंतरच्या बेणणीत, म्हणजे तण आणि झुडपे काढण्याच्या कामात, सुरू होते.

बसून चालवायचे यंत्र सपाट हिरवळीवर शोभते. दगड, खुंट आणि चढ यांच्यामध्ये मात्र खांद्याला पट्ट्याने अडकवायचा ग्रास कटरच उपयोगी पडतो. त्याच्या लांब दांड्याच्या एका टोकाला लहानसे इंजिन आणि दुसऱ्या टोकाला पाते किंवा नायलॉनची दोरी असते. ही दोरी कोवळ्या कलमाच्या बुंध्याला लागली, तर साल सोलवटून रोप वाळते, म्हणून कलमाभोवतीचे गवत आजही कोयत्याने काढणेच शहाणपणाचे आहे.

नव्या यंत्राचे आयुष्य बहुधा इंजिन सुरू करण्याची दोरी पहिल्यांदा ओढण्यापूर्वीच ठरते. फोर-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल वेगळ्या कप्प्यात असते. सुमारे ३५ सीसीच्या इंजिनाला जेमतेम १०० मिलिलिटर तेल लागते आणि नवे यंत्र पुष्कळदा तेलाविना येते, त्यामुळे ते सपाट जागी ठेवून, तेल भरून, पातळी पाहिल्याखेरीज सुरू करणे म्हणजे धातूवर धातू घासणे होय. टू-स्ट्रोक इंजिनात असा कप्पाच नसतो. तेथे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, आणि ५०:१ प्रमाण सांगितले असेल, तर लिटरभर पेट्रोलला २० मिलिलिटर टू-टी तेल पडते. दोन्हींची गल्लत महागात पडते: टू-स्ट्रोकमध्ये नुसते पेट्रोल गेल्यास पिस्टन जाम होतो, तर फोर-स्ट्रोकमध्ये मिश्रण गेल्यास धूर होऊन प्लग काळवंडतो.

लाल धूळ आत जाऊ नये म्हणून झाकणाभोवतीची जागा आधी पुसून घेऊन पेट्रोल गाळणीतून ओतावे. मग प्रायमरचा, म्हणजे इंधन वर खेचणारा, रबरी फुगा नळीत पेट्रोल दिसेपर्यंत दाबावा, चोक लावून दोरी ओढावी आणि इंजिनाने सूर धरला की चोक काढावा. पहिले काही तास पूर्ण वेगाचा अट्टहास नको. जानेवारीनंतर उतारावर करड, म्हणजे वाळलेले गवत, असते. तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल सांडले, तर बागच पेटू शकते, म्हणून पुन्हा इंधन भरण्याआधी यंत्र निवू देणे आणि ते मोकळ्या मातीवर भरणे याला पर्याय नाही.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते दमट हवेतील पाणी शोषते. पाणी वाढले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसते आणि कार्बोरेटर, म्हणजे हवा व इंधन मिसळणारा भाग, गंजतो. म्हणूनच काम संपल्यावर, आणि पावसाळ्यापूर्वी तर न चुकता, टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.