230 चा हट्ट आणि सादळलेले कर्ल

लग्नसराईत महाड-पोलादपूरकडे एक वाक्य इतक्यांदा कानावर पडतं, की त्याचं उत्तर एकदाचं लिहून टाकलेलं बरं. नवरीचे कमरेपर्यंत केस. जाड नळीच्या मशीनने त्यांचे मोठाले, सैलसर कर्ल केलेले. मंगलाष्टकं संपेपर्यंत त्यांचे सरळ शेपटे झालेले असतात. मग करवल्यांपैकी कोणीतरी ठामपणे सांगते, "मशीन नीट तापलंच नव्हतं गं. फुल्लवर ठेवायचं ना!" पुढच्या लग्नात मशीन 230 अंशांवर जातं, खोलीभर जळका वास सुटतो, आणि कर्ल तरीही जेवणाच्या पंगतीपर्यंत टिकत नाहीत. तेव्हा दोष मशीनच्या कंपनीला.

जितकं गरम तितकं टिकाऊ, ही समजूत चुकीची आहे. थोडीफार नव्हे, मुळातच चुकीची.

केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या साखळ्या एकमेकींना वेगवेगळ्या बंधांनी धरून असतात. त्यातले गंधकाचे बंध चिवट. ते तोडायला पार्लरमधली पर्मिंगची रसायनं लागतात, कर्लिंग रॉडचा त्यांच्याशी संबंध येत नाही आणि येऊही नये. रॉड काम करतो तो हायड्रोजन बंधांवर. उष्णतेने ते सुटतात, केस मऊ पडतो, आणि नळीवर ज्या आकारात गुंडाळलेला असतो त्याच आकारात थंड होताना ते बंध पुन्हा जुळतात. झाला कर्ल. आता गोम अशी, की हेच बंध पाण्यानेही सुटतात. नळाखाली डोकं धरायची गरज नाही, हवेतला दमटपणा पुरतो.

मऊ पडायला किती उष्णता लागते, हे मोजलेलं आहे. फ्रान्झ-योसेफ वॉर्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पूर्ण कोरड्या केसासाठी हा आकडा 144 अंश सेल्सिअसच्या आसपास निघाला, आणि केसात पाणी जितकं जास्त तितका तो खाली येतो. आपल्या डोक्यावरचा केस पूर्ण कोरडा कधीच नसतो, म्हणजे त्याला त्याहूनही कमी पुरतं. मशीन 160 ते 180 वर ठेवलं की जे व्हायचं ते सगळं होऊन जातं. केस फारच जाड आणि राठ असतील तर 190. त्यापुढे नळीवर वाढतं ते फक्त नुकसान. 230 च्या घरात केराटिनची आतली घडीच मोडायला लागते, आणि ती थंड झाल्यावर परत बसत नाही. वरचे खवले उचकटलेला असा केस हवेतलं पाणी अधिक पटकन ओढतो. म्हणजे कर्ल टिकावा म्हणून केस भाजायचे आणि भाजलेल्या केसांवर पुढचा कर्ल आणखी लवकर सोडायचा, असा हा उफराटा व्यवहार.

आता हवेचं बघा. पोलादपूर तालुक्यातलं कापडेच घ्या, सह्याद्रीच्या पायथ्याचं गाव. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पिणारा हा पट्टा. मे महिन्यात पाऊस नसला तरी दुपारी मांडवाखाली मानेवरून घामाच्या धारा लागतात, आणि गौरी-गणपतीत तर भिंतीसुद्धा ओलसर लागतात. पापड सादळला म्हणून कोणी चुलीत लाकडं वाढवत नाही, डबा घट्ट लावतो. कर्लही सादळतो. पण तिथे मात्र आपण लाकडं वाढवतो.

डबा घट्ट लावायचा म्हणजे काय, तर आधी केस मुळापर्यंत कोरडे हवेत. कमरेइतके दाट केस सकाळी धुऊन दहा वाजता कोरडे होत नाहीत. वरून कोरडे लागतात, आत मानेपाशी ओल असते. म्हणून आदल्या संध्याकाळी धुवायचे. मग कर्ल केल्यावरची पायरी, जी बहुतेकदा घाईत गाळली जाते: थंड होऊ देणे. कर्ल नळीवर होत नाही, नळीवरून उतरल्यावर होतो. बट रॉडवरून सरकवली की तशीच गुंडाळी तळहातात झेलायची, ऊब जाईपर्यंत धरायची आणि चपट्या चापाने टाळूजवळ अडकवून ठेवायची. सगळं डोकं झालं की पंखा लावून बसा, चहा घ्या, बांगड्या भरा. केस हाताला गार लागले की चाप काढायचे आणि बोटांनी मोकळे करायचे. गरम बट सोडून दिली तर ती लांब केसांच्या वजनाने ताणली जाते आणि ताणलेल्या आकारातच थंड होते. मग करवली म्हणणार, मशीन तापलंच नव्हतं.

शेवटी हेअरस्प्रे, हलका आणि लांबून. तो वाळून केसावर पातळ थर धरतो आणि दमट हवेला थोडा वेळ थोपवतो. थोडाच. आणि गजरा! फुलवाली पाणी शिंपडून देते तो ओला गजरा तसाच माळला की त्याच्याखालचे कर्ल सर्वांत आधी उलगडतात. फडक्यात गुंडाळून पाणी टिपून घ्या, मग माळा. गौरींच्या दिवसांत मात्र माझं स्पष्ट मत असं, की कमरेइतक्या केसांचे मोठे कर्ल करायच्या भानगडीत पडू नये. अंबाडा घालावा. छान दिसतो आणि सादळत नाही.

दुसरा गैरसमज अर्धा खरा आहे, म्हणून जास्त त्रासदायक. "लांब केसांना जाडच नळी लागते." दुकानदारही डोळे मिटून 38 मिलिमीटरची नळी पुढे करतो. हिशोब साधा आहे. 38 च्या नळीचा घेर जवळपास 12 सेंटिमीटर, 32 चा 10, 25 चा पावणेआठ. साठ सेंटिमीटरची बट 38 वर पाच वेढे घेते, 32 वर सहा, 25 वर साडेसात. खांद्यापर्यंतचे, म्हणजे वीस-पंचवीस सेंटिमीटर मोकळे केस 38 वर जेमतेम दोन वेढे घेतात आणि कर्लऐवजी नुसता बाक येतो. तेव्हा जाड नळी लांब केसांवरच शोभते हे खरं. पण केस जितके लांब तितकं वजन जास्त, आणि वेढा जितका मोठा तितका तो या वजनापुढे लवकर हार मानतो. केस मुळातच सरळ, गुळगुळीत असतील आणि ठिकाण कोकण असेल, तर 32 घ्या. तासाभरात कर्ल सैल होऊन आपोआप 38 सारखा दिसू लागतो. 38 ठीक आहे ती मुळात लाटा असलेल्या केसांना, किंवा फक्त फोटोपुरतं हवं असेल तर.

नळीची लांबी कोणी विचारतच नाही. बट दोन सेंटिमीटर रुंद घेतली तर सहा वेढ्यांना बारा सेंटिमीटर मोकळी नळी लागते. नळी आखूड असेल तर वेढ्यावर वेढा चढतो, वरच्या केसांना नळी लागतच नाही आणि ते कोरेच राहतात. इथेही उपाय म्हणून तापमानच वाढवलं जातं! नळी लांब बघून घ्या आणि बट बारीक घ्या. बिनचिमट्याच्या रॉडवर बट हाताने गुंडाळायची असते, त्यामुळे सोबतचा हातमोजा घालायचाच. रॉड उभा, टोक खाली. बट मुळापासून चार बोटं सोडून गुंडाळायला घ्यायची, चेहऱ्यापासून लांब जाईल अशी. सहा ते आठ सेकंदांत सोडायची. शेवटचं दोन-तीन सेंटिमीटर टोक बाहेरच ठेवा. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे साठ सेंटिमीटर केसांचं टोक चार वर्षांचं म्हातारं असतं. त्याला आता शेक नको.

तेलाचं प्रकरण आपल्याकडे फार नाजूक, कारण खोबरेल तेलाविरुद्ध बोललं की आजी रागावते. "तेल लावून मशीन फिरवलं की केस जळत नाहीत" असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणी "शास्त्रज्ञांनीच सांगितलंय" असंही जोडतात. सांगितलं आहे, पण वेगळंच. मुंबईत आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली, ती 2003 मध्ये जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्समध्ये छापून आली. धुताना-विंचरताना केसातून जे प्रथिन निघून जातं, ते खोबरेलने कमी होतं, बाकीच्या दोन तेलांनी तसं होत नाही, असा तिचा निष्कर्ष. ते दोघे मॅरिकोच्या संशोधन विभागात होते, म्हणजे पॅराशूट विकणाऱ्या कंपनीत, हेही लक्षात असू द्यावं. निष्कर्ष तरीही दखल घेण्याजोगा आहे. पण त्यात 200 अंशांची नळी कुठेच नाही. घाण्याचं खोबरेल 175 च्या आसपास धुरायला लागतं. म्हणजे तेलकट बट तापलेल्या रॉडवर गुंडाळणं हे रक्षण नव्हे, ती फोडणी झाली. तेल न्हाण्याआधी लावा, हवं तितकं. नवरीची अडचण मला ठाऊक आहे. तेलवण आणि हळद आदल्याच दिवशी, आणि केसांत तेल मुरलेलं. मग त्या संध्याकाळी शाम्पूने दोनदा धुतल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. रॉडआधी लावायचा तो हीट प्रोटेक्टंट. त्यातली सिलिकॉन किंवा पॉलिमर उष्णता सावकाश आणि सारखी पसरू देतात. ते चिलखत मात्र नव्हे. बाटलीवर 230 लिहिलेलं असलं म्हणून 230 वर जायची परवानगी मिळत नाही.

"चर्र झालं आणि वाफ निघाली म्हणजे मशीन चांगलं चालतंय." अरे देवा. ती वाफ केसाच्या आतल्या पाण्याची असते. पाणी आत उकळतं आणि केसात बुडबुडे, पोकळ्या होतात. त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकांत 1994 मध्ये यावर लेख आले, त्यात ओलसर केस 125 अंशांच्या चिमट्यात मिनिटभर धरल्यावरही हे बुडबुडे दिसले होते. असा केस पुढे त्या पोकळीपाशीच तुटतो. स्प्रे मारून ओल्याच बटेवर रॉड फिरवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

बाकीचे भराभर.

सिरॅमिक किंवा टूरमलिनच्या नळीने केस जळत नाहीत, हे खोटं. सिरॅमिक बहुतेकदा धातूवरचा नुसता लेप असतो. उष्णता सारखी पसरते एवढाच त्याचा गुण. 220 अंश हे कोणत्याही नळीवर 220 च. लेपाचा टवका उडाला की मात्र ते मशीन बाद करा, तिथे केस अडकून तुटतात.

"प्रोफेशनल" लिहिलेलं मशीन चांगलंच असतं, असं नाही. ज्यावर तापमान कमी-जास्त करता येतं ते घ्या. नुसतं चालू-बंद बटण असलेलं मशीन थेट आपल्या कमाल तापमानावर जाऊन बसतं. (1872 च्या सुमारास पॅरिसमध्ये मार्सेल ग्राटोने गरम चिमट्याने लाटा पाडायची पद्धत काढली, त्या काळी चिमटा आधी कागदावर टेकवून बघत. कागद पिवळा पडला की चिमटा गार करायचा. बटण नव्हतं, पण अक्कल होती.)

रोज कर्ल केल्याने केस कायमचे कुरळे होत नाहीत, कायमचे खराब होतात.

मशीन फार वीज खातं, हीही भीती नको. रॉड बहुधा शंभर वॅटच्या आतला असतो, हेअर ड्रायर हजाराच्या वरचा. पावसात लाइट गेली तरी घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर रॉड चालून जातो.

आणि शेवटचं, अमेरिकेतल्या मावशीने आणलेल्या मशीनबद्दल. "तिकडचं आहे, चांगलंच असणार." असेलही, पण तिकडची वीज 120 व्होल्टची आणि आपली 230. मशीनच्या दांड्यावर 100–240 लिहिलेलं असेल तर बिनधास्त वापरा. फक्त 120 लिहिलं असेल, तर इथल्या प्लगमध्ये त्याची तार साडेतीन पटींहून अधिक शक्ती ओढते आणि ते तापतं, लाल होतं, मग कायमचं गप्प होतं. बाजारात मिळणारा प्लगचा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही. मावशी परत जाईल तेव्हा तिच्याच बॅगेत ठेवा.