हृदयवेलीची कुंडी कधी आणि कशी बदलावी?

मृगाचा पाऊस सुरू झाला की आपल्या नागोठण्यात घराघरांतून कुंड्या बाहेर निघतात. जास्वंदीची फांदी खोचायची, अबोलीची रोपं लावायची, जुन्या कुंडीतलं झाड मोठ्या कुंडीत हलवायचं. "पावसात काहीही लावा, जगतंच," असं घरातली मोठी माणसं सांगतात, आणि रोहा-पेण भागात ते बरंचसं खरंही आहे. पण हल्ली बऱ्याच घरांच्या खिडकीत एक नाजूक वेल टांगलेली दिसते. दोऱ्यासारखी बारीक खोडं, त्यावर जोडी-जोडीने बदामाच्या आकाराची जाड पानं, आणि पानांवर चंदेरी नक्षी. रोपवाटिकेत हिला 'स्ट्रिंग ऑफ हार्ट्स' म्हणतात. आपण सोयीसाठी हृदयवेल म्हणूया. हिची कुंडी जून-जुलैत बदलली, तर ऑगस्टपर्यंत वेल बहुतेक वेळा सडते. असं का होतं, ते आज समजून घेऊ.

हृदयवेल मूळची दक्षिण आफ्रिकेची. 1881 साली जॉन मेडली वूड या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती नाताळ प्रांतातल्या एका डोंगरावर खडकांवरून लोंबताना सापडली. म्हणून तिच्या शास्त्रीय नावात त्याचं नाव आलं : सेरोपेजिया वूडी. आता हे 'सेरोपेजिया' नाव लक्षात ठेवा, कारण ते आपल्या सह्याद्रीशी जोडलेलं आहे. पावसाळ्यात घाटमाथ्यावर जे कंदीलपुष्प फुलतं, तेही सेरोपेजियाच! कास पठारावर याची एक जात मिळते, हरिश्चंद्रगडावर दुसरी, सिंहगडाच्या परिसरात तिसरी. यांतल्या अनेक जाती जगात फक्त सह्याद्रीत आहेत. सेरोपेजिया हे नाव लिनियसने 1753 साली दिलं. त्याचा अर्थ साधारण 'मेणाचं कारंजं' असा होतो. आपल्याकडचा 'कंदील' हा शब्द मला तरी जास्त नेमका वाटतो. फूल खाली फुगीर, मध्ये नळीसारखं आणि वर पाकळ्यांची टोकं जुळलेली, अगदी टांगलेल्या कंदिलासारखं दिसतं. चिलटासारखी बारीक माशी त्या नळीतून आत उतरते. आतले केस खालच्या दिशेने वळलेले असल्यामुळे तिला परत वर येता येत नाही. काही काळाने केस सुकतात, माशी सुटते आणि परागकण घेऊन दुसऱ्या फुलाकडे जाते. आपल्या खिडकीतल्या हृदयवेलीचं जांभळट फूल जेमतेम बोटाच्या पेराएवढं असतं, पण त्याची रचना हीच. दोघीही रुईच्या कुळातल्या. म्हणून शेंग फुटली की रुईसारख्याच 'म्हाताऱ्या' उडतात.

या नात्याचा कुंडी बदलण्याशी काय संबंध? संबंध आहे तो कंदाशी. सह्याद्रीतल्या बहुतेक कंदीलपुष्पांना जमिनीखाली कंद असतो. पावसाळा संपला की वरची वेल वाळून जाते आणि कंद पुढच्या जूनपर्यंत झोपून राहतो. हृदयवेलीलाही मातीत कंद असतात. शिवाय लोंबणाऱ्या खोडावर पानांच्या बेचक्यात मण्यांसारखे छोटे कंद धरतात. पानं जाड, खाली कंद, वर मणी. म्हणजे पाणी साठवण्याची तीन-तीन भांडी वेलीने स्वतःच बाळगली आहेत. अशा झाडाला पाण्याचा तुटवडा फारसा त्रास देत नाही, साचलेलं पाणी मात्र मारतं. मुळं श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते, तिच्यातला ऑक्सिजन त्यांना लागतो. ती पोकळी दिवसेंदिवस पाण्याने भरलेली राहिली की मुळं गुदमरतात, मरतात आणि मग बुरशी आत शिरते. कुंडी बदलताना काही मुळं तुटतातच. उन्हाळी, कोरड्या हवेत ही जखम एक-दोन दिवसांत सुकते. आपल्याकडे जुलैत मीठसुद्धा बरणीत पाझरतं, तिथे जखम कशी सुकणार?

इथे वर्गातला एखादा हुशार मुलगा हमखास विचारेल, "सर, कंदीलपुष्प तर भर पावसातच वाढतं. मग हृदयवेलीलाच पाऊस का चालत नाही?" प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर असं, की कंदीलपुष्प उतारावर, खडकाच्या फटीत, वीतभर मातीत उभं असतं. पाऊस कितीही पडो, पाणी तिथे थांबत नाही, वाहून जातं. शिवाय त्याची मुळं कोणी उपटून हलवलेली नसतात. कुंडीला मात्र उतार नसतो, चार भिंती आणि तळ असतो. म्हणून कुंडीत डोंगरउतार तयार करणं हेच आपलं काम.

काळ कोणता निवडायचा? होळीच्या आधी-मागे, म्हणजे फेब्रुवारी-मार्च हा उत्तम. थंडी सरलेली असते, नवी फूट यायला लागते आणि पावसाला अजून तीन महिने असतात. तेव्हा जमलं नाही तर दसरा-दिवाळी. पण दरवर्षी बदलायची गरज नाही. ही वेल दाटीवाटीत सुखाने राहते. भोकातून मुळं बाहेर डोकावू लागली, घातलेलं पाणी सरळ खालून पळू लागलं किंवा कंदांनी प्लॅस्टिकची कुंडी फुगवली, तरच हात लावा.

कुंडी जुन्यापेक्षा एक-दोन बोटंच रुंद घ्या. "मोठी कुंडी म्हणजे मोठी वेल" ही समजूत इथे महाग पडते. जिथवर मुळं पोचत नाहीत तिथली माती कित्येक दिवस ओली राहते आणि सडणं तिथूनच सुरू होतं. मातीची कुंडी सर्वांत चांगली, कारण तिच्या भिंतीतूनही ओल उडून जाते. नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात पॉलिप्रोपिलीन बनतं, रोपवाटिकेतल्या कुंड्या बहुधा त्याच जातीच्या प्लॅस्टिकच्या असतात. हलक्या म्हणून टांगायला सोयीच्या, पण भिंतीतून काही उडत नाही. अशा कुंडीला तळाशी चार-पाच भोकं हवीतच.

आता एक गंमत करून पहा. भांडी घासायचा नवा, सपाट स्पंज पाण्यात बुडवा आणि तळहातावर आडवा धरा. थेंब गळायचे पूर्ण थांबले, की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल! म्हणजे आडव्या स्पंजच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहिला होता. मातीतही असंच होतं. कुंडीच्या तळाशी काही उंचीपर्यंत माती ओलीच्च राहते, भोक असलं तरी. त्यामुळे 'तळाला खडी घाला म्हणजे पाणी निथळेल' हा सल्ला फारसा कामाचा नाही. बारीक माती पाणी धरून ठेवते, खालच्या खडीच्या मोठ्या पोकळ्यांत ते सहज उतरत नाही. परिणाम एवढाच, की ओला थर खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे. निथळा हवा तो सगळ्या मातीतच हवा.

त्यासाठी माती अशी करा : दोन भाग जाड रेती किंवा विटेचे वाटाण्याएवढे तुकडे, एक भाग चाळलेली बागेतली माती, एक भाग चांगलं कुजलेलं पानखत. थोडा लाकडी कोळसा कुटून घातला तर चालेल. रेती खाडीची असेल तर खारी असते, तीन-चार पाण्यांनी धुवून घ्या. मूठभर ओलं मिश्रण दाबून सोडलं की ते लगेच विस्कटलं पाहिजे. पेणचे गणपती ज्या शाडूतून घडतात, तो दाबला की बोटांचे ठसेसुद्धा टिकतात. मूर्तीला तो गुण, हृदयवेलीला तोच अवगुण.

प्रत्यक्ष बदलताना आधी पाच-सहा दिवस पाणी बंद ठेवा. कोरड्या मातीतून मुळं मोकळी सुटतात. खरी कटकट असते वेलींच्या गुंत्याची. कुंडी टेबलावर ठेवून एकेक वेल हलक्या हाताने सोडवा आणि वर्तमानपत्राच्या सुरळीवर सैल गुंडाळा. मग कुंडी आडवी करून थोपटा, वेलीला धरून ओढू नका. बाहेर आलेले कंद चाचपून बघा. चांगला कंद बटाट्यासारखा टणक लागतो. मऊ, तपकिरी, वास येणारा असेल तर स्वच्छ ब्लेडने कापून टाका आणि रोप एक दिवस सावलीत तसंच सुकू द्या. नव्या कुंडीत कंद पूर्ण गाडायचे नाहीत, वरचा भाग उघडा राहू दे. लावल्यावर लगेच पाणी घालायची सवय इथे आवरा. चार-पाच दिवसांनी पहिलं पाणी, नंतर बोटाच्या दोन पेरांएवढी माती कोरडी झाली तरच. सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशी खिडकी पाहा. पावसाळ्यात वेल पागोळ्यांखाली टांगू नका.

एक विनंती मात्र आहे. हा लेख वाचून कोणी सुट्टीत गडावर जाऊन कंदीलपुष्पाचा कंद उकरून आणू नये. अनेक जाती मोजक्याच ठिकाणी उरल्या आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या जातींवर अनेक वर्षं काम केलं आहे. डोंगरावरचं कंदीलपुष्प ऑगस्ट-सप्टेंबरात तिथेच पाहा, फोटो काढा.

हृदयवेल वाढवायची असेल तर उकरायचं कारणच नाही. कुंडी बदलताना खोडावरचा एक मणी वेलीपासून न तोडता शेजारच्या छोट्या कुंडीतल्या मातीवर टेकवा आणि केसांच्या पिनेने वेल तिथे दाबून ठेवा. काही आठवड्यांत मुळं धरतील. मणी हलकेच ओढून पाहा. तो जागचा हलला नाही, की मधली वेल कापा आणि नवी कुंडी मैत्रिणीला द्या.