मुक्कामाच्या बिलातला पैसा आणि नगरपालिकेची नजर

सौदी अरेबियातील हॉटेलात मुक्काम केल्यावर खोलीच्या भाड्यावर दोन आकार चढतात. एक मूल्यवर्धित कर. तो १ जानेवारी २०१८ रोजी ५ टक्क्यांनी सुरू झाला आणि १ जुलै २०२० पासून १५ टक्के झाला. दुसरा नगरपालिका शुल्क. चार आणि पाच तारांकित हॉटेलांसाठी त्याचा दर ५ टक्के, तर त्याखालच्या हॉटेलांसाठी आणि फर्निश्ड अपार्टमेंटसाठी अडीच टक्के ठरला. खोलीचे भाडे ४०० रियाल असेल, तर मोठ्या हॉटेलात २० आणि साध्या मुक्कामात १० रियाल या शुल्कापोटी द्यावे लागतात. पूर्व प्रांतातील रास तनुरासारख्या छोट्या बंदर-शहरालाही राष्ट्रीय पातळीवर ठरलेली हीच रचना लागू होते.

पाहुण्याच्या खिशातून निघालेले हे २० रियाल कुठे जातात, कशावर खर्च होतात आणि त्याचा हिशेब कोण मागतो, हे प्रश्न जगभरच्या पर्यटनस्थळांना पडले आहेत. त्यांना दिलेल्या उत्तरांपैकी एक म्हणजे ‘पर्यटन सुधारणा क्षेत्र’. ही कल्पना अमेरिकेत रुजली. रास तनुरात असे क्षेत्र नाही. पण तिथली शुल्काची पद्धत या कल्पनेशेजारी ठेवून पाहिली, की मुक्कामाच्या पैशावर स्थानिक शासनाने नेमकी कशी देखरेख ठेवावी हे स्पष्ट होते.

क्षेत्र कसे उभे राहते

पर्यटन सुधारणा क्षेत्र म्हणजे आखून दिलेली एक हद्द. त्या हद्दीतील हॉटेले आणि लॉज खोलीच्या भाड्यावर ठरावीक टक्के आकारणी देतात. ती रक्कम नगरपालिका गोळा करते आणि बहुधा हॉटेलमालकांच्याच एका ना-नफा संस्थेकडे सोपवते. संस्था त्या पैशातून गावाची जाहिरात करते, परिषदा आणि क्रीडास्पर्धा आणते, मंदीच्या हंगामात पाहुणे येतील असे उपक्रम आखते. कॅलिफोर्नियातील वेस्ट हॉलिवूड येथे १९८९ मध्ये असे पहिले क्षेत्र स्थापन झाले. आज अमेरिकेत अशी शंभराहून अधिक क्षेत्रे आहेत.

कॅलिफोर्नियाच्या १९९४ च्या कायद्यात क्षेत्र स्थापन करण्याचा क्रम घालून दिलेला आहे. एकूण आकारणीपैकी निम्म्याहून अधिक वाटा ज्यांना द्यावा लागणार आहे, अशा व्यावसायिकांनी लेखी मागणी करायची. त्यासोबत हद्द, दर, मुदत आणि खर्चाची बाबवार विभागणी दाखवणारा आराखडा द्यायचा. मग नगर परिषद इरादा जाहीर करते, प्रत्येक व्यावसायिकाला नोटीस पाठवते आणि जाहीर सुनावणी घेते. निम्म्या वाट्याच्या धन्यांनी लेखी हरकत घेतली, तर प्रस्ताव तिथेच बारगळतो. मतांचे वजन आकारणीच्या रकमेवर ठरत असल्याने शंभर खोल्यांच्या हॉटेलाचा शब्द दहा खोल्यांच्या लॉजपेक्षा जड पडतो. छोट्या मालकांची बाजू ऐकून घेण्याची जबाबदारी म्हणूनच परिषदेवर येते.

या आकारणीला कायद्याने कर मानलेले नाही, आणि सारी गुंतागुंत इथेच आहे. कर सर्वसाधारण तिजोरीत जातो, कशावरही खर्च होऊ शकतो आणि कॅलिफोर्नियात नवा कर लावायचा तर मतदारांचा कौल घ्यावा लागतो. आकारणी मात्र फक्त ठरलेल्या कामासाठी असते आणि तिचा लाभ ती भरणाऱ्यालाच मिळाला पाहिजे. २०१० मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव २६ ने ही अट आणखी कडक केली. लाभ आणि आकारणी यांचा संबंध दाखवता आला नाही, तर न्यायालय त्या रकमेला मतदारांना टाळून लावलेला कर ठरवू शकते.

देखरेखीची साधने

पैसा गोळा होतो सरकारी अधिकाराने आणि खर्च होतो खासगी संस्थेच्या हातून. हॉटेलवाल्यांना पर्यटनाची नाडी कळते, म्हणून काम त्यांच्याकडे देणे व्यवहार्य ठरते. पण हेच लोक आपल्याच हॉटेलांना सोयीचा खर्च मंजूर करू शकतात. म्हणून १९९४ च्या कायद्याने नगर परिषदेच्या हाती काही साधने ठेवली आहेत.

पहिले साधन मुदतीचे. क्षेत्र प्रथम जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी स्थापन होते आणि नूतनीकरण दहा वर्षांपर्यंत होऊ शकते. दुसरे वार्षिक अहवालाचे: पुढच्या वर्षीची कामे, त्यांचा अंदाजे खर्च, मागच्या वर्षीची शिल्लक किंवा तूट आणि इतर ठिकाणांहून आलेला पैसा हे सारे परिषदेपुढे मांडावे लागते. तिसरे खुलेपणाचे: संस्था खासगी असली तरी या निधीबाबतच्या तिच्या बैठका लोकांना खुल्या असतात आणि कागदपत्रे मागता येतात. चौथे साधन क्षेत्र मोडण्याचे. दरवर्षी तीस दिवसांच्या अवधीत व्यावसायिक तशी मागणी करू शकतात. निधीचा अपहार किंवा गैरवापर झाला, तर परिषद स्वतःहून पाऊल उचलू शकते. क्षेत्र मोडल्यावर उरलेली रक्कम भरणाऱ्यांना परत जाते.

सॅन डिएगोचा धडा

ही साधने ढिली पडली की काय होते, ते सॅन डिएगो शहरात दिसले. तिथे हॉटेलात उतरणाऱ्यांवर १०.५ टक्के शहर कर आधीपासून होता. २००८ मध्ये पर्यटन विपणन क्षेत्र स्थापन झाले आणि त्यावर २ टक्के आकारणी आली. शहराने यासाठी राज्याच्या कायद्याऐवजी स्वतःचा अध्यादेश वापरला होता. २०१२ च्या अखेरीस नूतनीकरण झाले ते तब्बल साडेएकोणचाळीस वर्षांसाठी. वर्षाला सुमारे तीन कोटी डॉलर देणारी ही व्यवस्था एका ठरावाने पुढच्या पिढीपर्यंत बांधली गेली.

डिसेंबर २०१२ मध्ये महापौरपदी आलेले बॉब फिल्नर यांनी हॉटेलमालकांच्या संस्थेकडे हा निधी सोपवणाऱ्या करारावर सही करायला नकार दिला. आकारणी म्हणजे मतदारांना न विचारता लावलेला कर आहे, अशी तक्रार घेऊन एक नागरिक संघटना न्यायालयात गेली होती. निकाल शहराविरुद्ध गेला असता, तर परताव्याचा बोजा शहराच्या तिजोरीवर पडला असता. ही जोखीम हॉटेलमालकांनी उचलावी, हॉटेल कामगारांच्या वेतनाचा विचार व्हावा आणि शहराच्या सेवांनाही वाटा मिळावा, अशा मागण्या फिल्नर यांनी पुढे केल्या. हॉटेलमालकांची संस्था त्यांच्याविरुद्ध न्यायालयात गेली. काही महिन्यांच्या ओढाताणीनंतर २०१३ मध्ये तडजोड झाली. पुढे २०१६ मध्ये क्षेत्राची रचना बदलली आणि ७० किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलांपुरतीच आकारणी ठेवण्यात आली.

करारावरची सही ही औपचारिकता नसते, हे या वादाने दाखवून दिले. जोखीम कोणाची, मुदत किती आणि भरणारा कोण या तीन गोष्टी सहीपूर्वीच ठरल्या पाहिजेत. एकदा पैसा वाहू लागला, की त्यावर पगार, जाहिरातींचे करार आणि स्पर्धांची आश्वासने उभी राहतात. मग मागे फिरणे कोणालाच सोपे राहत नाही.

स्कॉटलंडने वेगळी वाट धरली. २०२४ च्या कायद्याने तिथल्या स्थानिक परिषदांना मुक्काम-आकार बसवण्याचा अधिकार मिळाला. पैसा परिषदेकडेच राहतो. मात्र तिने व्यावसायिक आणि रहिवासी यांचा सल्लागार मंच नेमला पाहिजे आणि जमाखर्चाचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध केला पाहिजे. एडिनबरोने ठरवलेला ५ टक्के आकार सलग पाच रात्रींपुरताच आहे.

रास तनुराची परिस्थिती

रास तनुरा हे पर्शियन आखातात शिरलेल्या चिंचोळ्या भूशिरावरचे शहर. १ मे १९३९ रोजी राजे अब्दुलअझीझ यांनी इथे झडप उघडली आणि सौदी कच्च्या तेलाची पहिली जहाजभरती सुरू झाली. आज दिवसाला सुमारे साडेपाच लाख बॅरल क्षमतेची अराम्कोची रिफायनरी आणि तेल भरण्याचे मोठे बंदर ही शहराची ओळख आहे. अराम्कोच्या कुटुंबांची नजमा ही वसाहत, शेजारी रहीमा ही वस्ती आणि लांबच लांब वाळूचा किनारा असा हा परिसर आहे.

अशा गावात मुक्कामाला येणारे सगळे पर्यटक नसतात. रिफायनरीत शटडाऊनचे काम निघाले, की कंत्राटी अभियंते, फिटर, वेल्डर यांना राहायला जागा लागते. उलट शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत दम्माम किंवा कतीफहून समुद्रावर आलेले कुटुंब संध्याकाळी घरी परतते. म्हणजे किनाऱ्याच्या सफाईचा, पार्किंगचा आणि सुरक्षेचा भार टाकणारा पाहुणा मुक्काम-शुल्क देत नाही, आणि शुल्क देणाऱ्या कामगाराचा पर्यटनाशी संबंध थोडाच असतो. लाभ भरणाऱ्यालाच मिळावा ही अट इथे लावायची, तर दीर्घ मुक्कामाला सूट द्यावी लागेल. कॅलिफोर्नियातील शहर कर तीस दिवसांपेक्षा लांब मुक्कामाला लागत नाही, आणि एडिनबरोची पाच रात्रींची मर्यादाही त्याच जातीची आहे.

देखरेखीची साखळीही इथे निराळी आहे. रास तनुराची नगरपालिका पूर्व प्रांताच्या ‘अमानत’ या प्रांतिक नगर-प्रशासनाखाली येते आणि अमानत रियाधमधील नगरपालिका मंत्रालयाच्या अखत्यारीत. दर वरून ठरतो. हॉटेलमालकांच्या मागणीचा किंवा जाहीर सुनावणीचा टप्पा त्यात येत नाही. सरकारी खर्चाची तपासणी राष्ट्रीय लेखापरीक्षण न्यायालय करते आणि गैरव्यवहाराच्या तक्रारी ‘नझाहा’ या प्राधिकरणाकडे जातात. नगर परिषदांच्या निवडणुका २००५, २०११ आणि २०१५ मध्ये झाल्या. २०१५ मध्ये दोन तृतीयांश जागा निवडणुकीने भरल्या आणि स्त्रियांनी प्रथमच मतदान केले. या रचनेत हिशेब वरच्या दिशेने दिला जातो. रक्कम एका हॉटेलगटाच्या सोयीने वळवली जाण्याची भीती त्यात कमी. पण रास तनुराच्या खोल्यांमधून किती शुल्क जमले आणि त्यातले किती रास तनुराच्याच किनाऱ्यावर खर्च झाले, याचे उत्तर गावाला मिळण्याची सोयही कमी.

पैसा वर जाण्याचा आणि गावातच राहण्याचा, असे दोन्ही अनुभव महाराष्ट्रात आहेत. हॉटेलच्या खोल्यांवरचा लक्झरी टॅक्स १९८७ च्या कायद्याने राज्याच्या तिजोरीत जाई आणि २०१७ मध्ये तो जीएसटीत विरला. ज्या गावात पाहुणा उतरला त्या गावाशी त्याची सांगड नव्हती. माथेरानमध्ये मात्र नगर परिषद दस्तुरी नाक्यावर प्रवासी कराची पावती फाडते. पाहुणा दिवसापुरता येवो की मुक्कामाला, पैसे गावाच्याच खात्यात जमा होतात आणि रस्ता, कचरा, पाणी यांबद्दल नगरसेवकाला गाठून विचारता येते. रास तनुरासारख्या एका दिवसाच्या पाहुण्यांच्या किनाऱ्याला ही पद्धत मुक्काम-शुल्कापेक्षा जवळची ठरू शकते.

पाहुण्याच्या पैशावर गावाचा हक्क आहे, कारण त्याच्या येण्याचा भार गावच उचलते. तो हक्क खरा ठरायचा तर स्थानिक शासनाने काही गोष्टी हातून जाऊ देता कामा नयेत: निधीचे स्वतंत्र खाते, ठरलेली मुदत, जोखमीची वाटणी सांगणारा करारनामा, स्वतंत्र लेखापरीक्षण आणि रहिवाशांना समजेल अशा भाषेतला वार्षिक हिशेब. काम हॉटेलमालकांची संस्था करो की सरकारी खाते, या पाच गोष्टी असतील तर पावतीवरच्या वीस रियालांचा माग कोणालाही काढता येतो.