एकट्याचा धंदा, शंभर गिऱ्हाइकं

एसी दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या मोबाइलमधली नावांची यादी पाहिली, तर प्रत्येक आडनावाला एक शेपूट जोडलेलं दिसतं. ‘जोशी काका स्प्लिट कोथरूड’, ‘पाटील मॅडम गॅस भरला’, ‘शेख भाई ऑफिस ३ मशीन’, ‘देशमुख बाकी १२००’. नाव लिहायच्या जागेत पत्ता, काम आणि उधारी असं सगळं कोंबलेलं असतं. सॉफ्टवेअरच्या दुनियेत ज्याला सीआरएम, म्हणजे कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट म्हणतात, त्याचं हे घरगुती रूप आहे. गरज प्रत्येकाला जाणवलेली असते. ती भागवायला नीट जागा मिळालेली नसते.

एकट्यानं धंदा करणाऱ्या माणसाचा दिवस दोन पाळ्यांत जातो. पहिल्या पाळीत हातातलं काम: दुरुस्ती, फोटो, शिवण, शिकवणी, सल्ला. दुसरी पाळी रात्री जेवणानंतर सुरू होते. दिवसभरात आलेले फोन आठवायचे, कोणाला कोटेशन द्यायचं राहिलं ते शोधायचं, बिलं करायची, थकलेल्या पैशांसाठी संकोचत निरोप पाठवायचा. या दुसऱ्या पाळीचे पैसे कोणी देत नाही. आणि ती चुकली, तर पहिल्या पाळीचे पैसेही अडकतात.

सीआरएम सॉफ्टवेअर मुळात अशा माणसासाठी जन्मलं नव्हतं. अमेरिकेत १९८७ मध्ये आलेल्या ‘ॲक्ट’ या प्रोग्रामनं विक्रेत्यांची संपर्कवही संगणकावर आणली. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘सीबेल सिस्टिम्स’नं मोठ्या कंपन्यांच्या विक्री विभागांसाठी अवाढव्य प्रणाली उभारल्या. १९९९ मध्ये ‘सेल्सफोर्स’ आली आणि सॉफ्टवेअर विकत घेऊन बसवण्याऐवजी इंटरनेटवरून, वर्गणी भरून वापरायची पद्धत रुळली. आज झोहो या नावानं ओळखल्या जाणाऱ्या चेन्नईच्या कंपनीनं २००५ मध्ये स्वतःचं सीआरएम बाजारात आणलं. पण या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते ते अनेक विक्रेते आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारा एक साहेब. म्हणूनच त्यांत तक्ते, अहवाल आणि उद्दिष्टांची एवढी गर्दी असते. एकट्याच्या धंद्यात विक्रेता तोच, साहेबही तोच. त्याला अहवाल कोणाला दाखवायचा नसतो; कोणतं गिऱ्हाईक कुठं अडकलंय, एवढंच कळायला हवं असतं. छोट्या व्यावसायिकांसाठी सुटसुटीत आवृत्त्या त्यानंतर आल्या. झोहोचंच ‘बिगिन’ हे २०२० मधलं उदाहरण.

एकट्या व्यावसायिकाला लागतात चारच गोष्टी. गिऱ्हाईक कोण, शेवटचं बोलणं काय झालं, पुढचं पाऊल कोणत्या तारखेला, आणि येणं किती. पहिल्या दोन गोष्टी वहीतही राहतात. सॉफ्टवेअरचा खरा उपयोग उरलेल्या दोन गोष्टींत आहे. वहीत लिहिलेली तारीख आपण ते पान उघडेपर्यंत गप्प असते. सॉफ्टवेअरमधली तारीख त्या दिवशी सकाळी स्वतःहून समोर येते.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या छायाचित्रकाराचं काम घ्या. चौकशीचा फोन, कोटेशन, विसार, लग्नाचा दिवस, अल्बमसाठी फोटोंची निवड, छपाई, उरलेली रक्कम आणि अल्बमची पोच असे त्याचे ठरलेले टप्पे असतात. सॉफ्टवेअरमध्ये हे टप्पे पडद्यावर शेजारी शेजारी उभे राहतात आणि प्रत्येक लग्न एका चिठ्ठीसारखं एका रकान्यातून पुढच्यात सरकतं. याला ‘पाइपलाइन’ म्हणतात. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्तांची रांग लागली, की दहा-बारा लग्नं एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. नेहमी अडतं ते फोटोंच्या निवडीपाशी. वधू-वरांकडे शेकडो फोटो पाठवलेले असतात, घरच्यांचं एकमत होत नाही, महिने उलटतात आणि शेवटची रक्कम अल्बमसोबत मिळायची म्हणून तीही लटकते. ‘निवड बाकी’ या रकान्यात सहा नावं साचलेली दिसली, की त्या सहाही घरांना त्याच संध्याकाळी नम्र आठवण पाठवता येते. एकाच मुहूर्तावर दोन ठिकाणी होकार देण्याची आपत्तीही टळते, कारण विसार घेतलेली तारीख कॅलेंडरवर आधीच भरलेली असते.

विमा एजंटचा सगळा व्यवसायच तारखांवर उभा आहे. आयुर्विम्याच्या वार्षिक, सहामाही किंवा तिमाही हप्त्याला साधारण ३० दिवसांची आणि मासिक हप्त्याला १५ दिवसांची सवलतीची मुदत असते. ती उलटली, की पॉलिसी खंडित होते. वाहन विम्याची गोष्ट आणखी नाजूक. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही, तर वर्षानुवर्षं दावा न केल्यानं साठलेला ‘नो क्लेम बोनस’ जातो आणि हा बोनस स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो. इथे एक विसरलेला फोन गिऱ्हाइकाच्या खिशाला थेट भोक पाडतो. जुन्या एजंटांच्या डायऱ्यांत हे सगळं बारकाईनं लिहिलेलं असे. फरक एवढाच, की डायरी दरवर्षी बदलायची आणि सगळ्या तारखा पुन्हा उतरवायच्या. सॉफ्टवेअरमध्ये एकदा ‘दरवर्षी’ असं सांगितलं, की पुरतं.

पैशांच्या बाबतीत नोंदीला कायद्याचंही बळ आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्यानं लेखी करार असेल तर त्यातल्या तारखेला, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. उद्यम नोंदणी केलेली ग्राफिक डिझायनर कंपन्यांसाठी काम करत असेल, तर हा कायदा तिच्या बाजूनं आहे. पण मागणी करताना काम कधी सोपवलं, कधी स्वीकारलं गेलं, बिल कधी पाठवलं, हे दाखवावं लागतं. त्या तारखा एका जागी असल्या, की निरोपाचा सूरही बदलतो.

बिलांचंही तसंच. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल महाराष्ट्रात २० लाखांच्या पुढे गेली, की जीएसटी नोंदणी आली. मग बिलाचा क्रमांक आर्थिक वर्षात सलग असावा लागतो, तो दुबार चालत नाही आणि १६ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. हातानं बिलं करताना क्रमांक चुकतोच. गिऱ्हाइकाच्या नोंदीतूनच बिल तयार होत असेल, तर नाव, पत्ता आणि क्रमांक आपोआप येतात आणि वर्षअखेरीस कर सल्लागाराकडे पिशवीभर कागद न्यावे लागत नाहीत.

सुरुवात करायला मात्र लगेच पैसे मोजण्याची गरज नाही. जानेवारी २०१८ मध्ये भारतात आलेलं ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ बहुतेकांच्या खिशात आहे, पण त्यातली लेबलं फार थोडे जण वापरतात. ‘नवं गिऱ्हाईक’, ‘पैसे बाकी’, ‘काम पूर्ण’ अशी रंगीत लेबलं चॅटला लावता येतात. दर, पत्ता, वेळ यांसारखी नेहमीची उत्तरं साठवून एका खुणेसरशी पाठवता येतात. त्याची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. ब्रॉडकास्टचा निरोप ज्यांनी तुमचा नंबर साठवलाय त्यांनाच पोचतो. आणि सहा महिन्यांपूर्वी कोणत्या घरातल्या प्युरिफायरचा फिल्टर बदलला, हे ते सांगत नाही. तो प्रश्न रोज पडू लागला, की पुढच्या पायरीची वेळ झाली असं समजावं.

प्रत्येकाला ती पायरी लागतेच असं नाही. पंचवीस जणांना डबे देणाऱ्या ताईंना पाइपलाइन काय कामाची? त्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं, हिशेब खाड्यांचा. कोणी किती दिवस डबा घेतला नाही, हे मांडायला मोबाइलमधली एक साधी एक्सेलशीट पुरते. शोधायचं सॉफ्टवेअर आपल्या धंद्याच्या घडणीचं हवं: टप्पे असणाऱ्यांना पाइपलाइन, पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामाला आठवणी, रोजच्या पुरवठ्याला हिशेबाचा तक्ता.

सॉफ्टवेअर घेऊनही ते महिनाभरात बंद पडतं, त्याचं कारण बहुधा एकच असतं: नोंद रात्रीवर ढकलली जाते. रात्री दुसरी पाळी तशीच राहते, वर नवं ओझं चढतं. नोंद फोन ठेवल्याठेवल्या, दोन ओळींत, मराठीत बोलून टाइप झाली तरी चालते. रकाने जितके कमी, तितकी ती टिकते. गिऱ्हाइकाचा वाढदिवस विचारणारा रकाना केकवाल्याला लागतो, प्लंबरला नाही.

गिऱ्हाइकाची माहिती ही विश्वासानं दिलेली ठेव असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं तिच्या वापराला संमतीची चौकट घातली आहे. गिऱ्हाइकानं गळती दुरुस्त करायला दिलेला नंबर जाहिरातदाराच्या हाती जाता कामा नये. आधार कार्डाचे फोटो विनाकारण साठवू नयेत. ॲपला कुलूप लावावं, खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी जोडावी.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. सगळी यादी एक्सेलमध्ये बाहेर काढता येते का, नेट नसताना नोंद होते का, आणि वर्गणी थांबवली तर माहितीचं काय होतं. मग फक्त चालू कामांतली वीस गिऱ्हाइकं भरावीत; जुनी हजार नावं नंतर बघता येतील. आणि दर सोमवारी सकाळी, कामाला निघण्याआधी, एकच यादी उघडावी: ज्यांच्यापुढे पुढची तारीख लिहिलेली नाही, त्यांची.